वाइपाचे पंच

पॅसिफिक महासागरात हवाई बेटे आहेत. त्यांतल्या कौआई बेटावर वाइपा हे खोरे आहे. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एकच शिवार. भाताच्या खाचरासारखे पाणी खेळवून तिथे अळू लावतात. पाने खातातच, पण मुख्य अन्न खालचा कंद.

१९८० नंतरच्या दशकात या जमिनीवर इमारती उठायच्या घाटत होत्या. तेव्हा तिथले शेतकरी पुढे झाले. जमीन आम्हांला भाडेपट्ट्याने द्या, आम्ही कसतो, असे त्यांनी मालक संस्थेला सांगितले. जमीन मिळाली. पुढे गावाची संस्था झाली.

तिकडे अशा संस्थांचे पंच बहुधा पगार घेत नाहीत. मग त्यांना काय मिळते? काम! दर गुरुवारी पहाटे माणसे जमतात. शिजवलेले कंद सोलायचे, खरवडायचे, दळायचे. त्याची घट्ट लापशी होते. तिला पोई म्हणतात. ती स्वस्तात घरोघर जाते. आम्हांला वाटते, खरी पंचायत त्या कंदांच्या ढिगाभोवतीच बसत असेल. हात चिकट झालेला माणूस भाषण थोडकेच करतो.

एप्रिल २०१८ मध्ये वाइपात २४ तासांत जवळजवळ ५० इंच पाऊस पडला. डोंगर घसरले, रस्ता बंद पडला. आसपासची अळूची खाचरे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर लोक फावडी घेऊन निघाले.