पाकिटावरचं ‘रक्तवाढीसाठी’ आम्ही का खोडलं

मागच्या वेळी आम्ही अळिंबीचे बेड कसे भरायचे ते सांगितलं होतं. तेव्हापासून बायका एकच विचारतात, ‘अळिंबी खाऊन अंगाला लागतं तरी काय?’ एका ताईंनी विचारलं, शहरातल्या मोठ्या दुकानात तळहाताएवढी तपकिरी अळिंबी पोर्टोबेलो नावानं महाग विकतात, ती आपल्या धिंगरीपेक्षा गुणाची असते का?

आधी या प्रश्नाचं उत्तर देतो. पोर्टोबेलो म्हणजे दुकानात पांढरी बटण अळिंबी मिळते, तिचीच जात. तपकिरी वाणाची छत्री पूर्ण उमलू देतात आणि मग काढतात, एवढंच. आपली धिंगरी वेगळ्या जातीची, काडावर आणि कुटारावर वाढणारी. पण खाण्याच्या दृष्टीनं दोघींत फार अंतर नाही. नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

ताज्या अळिंबीत शंभरातला नव्वद भाग पाणीच असतं. प्रथिनं 100 ग्रॅममध्ये 2 ते 3 ग्रॅम. म्हणजे 200 ग्रॅमचं पाकीट सगळं खाल्लं, तर एका अंड्याएवढी प्रथिनं मिळतात. म्हणून अळिंबी केली की त्या दिवशी डाळ नको, असं करू नका. मग तिचा फायदा काय? तेल-तूप जवळजवळ नाही, मीठ नाही, साखर अगदी कमी, चोथा चांगला. ब गटातली काही जीवनसत्त्वं आहेत, पोटॅशियम आहे. पोट भरतं आणि वजन वाढत नाही. साखरेचा त्रास असलेल्या बाईनं भाजी म्हणून बिनधास्त खावी. गोळी मात्र चालूच ठेवायची.

हे ‘मात्र’ आम्ही उशिरा शिकलो. पहिल्या वर्षी वाळवलेल्या अळिंबीची भुकटी विकायला काढली, तेव्हा पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘रक्तवाढीसाठी’ असं छापून घेतलं. कुणीतरी सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला. खपही वाढला. शेजारच्या वस्तीवरची एक सून पाच महिन्यांची गरोदर होती. लाल गोळीनं मळमळतं म्हणून तिनं गोळ्या डब्यात टाकल्या आणि आमची भुकटी दुधातून सुरू केली. आशाताईंनी तपासणीला नेलं, तेव्हा हिमोग्लोबिन 8 च्या खाली. डबा उघडला तर दोन महिन्यांच्या गोळ्या तशाच. ‘तुमच्याच पाकिटावर लिहिलंय ना,’ ती म्हणाली. आम्हाला काय बोलावं सुचेना.

त्या रात्री आम्ही आकडे शोधले. ताज्या धिंगरीच्या 100 ग्रॅममध्ये लोह असतं साधारण सव्वा मिलिग्रॅम. पोर्टोबेलोत तर अर्धा मिलिग्रॅमही नाही. आणि सरकारी दवाखान्यातल्या त्या एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम, शिवाय फॉलिक ॲसिड. भुकटी झाली तरी चमचाभरात असून असून किती असणार? उरलेल्या सगळ्या पाकिटांवरची ती ओळ आम्ही काळ्या पेनानं खोडली. खाण्याच्या वस्तूवर ‘आजार बरा होतो’ असं लिहायला कायद्यानंही बंदी आहे, हे आम्हाला तेव्हा समजलं.

गोळीनं मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या. तरीही त्रास झाला तर नर्सताईंना सांगा, पण मनानं बंद करू नका.

आता अळिंबीची एक खरी करामत सांगतो. तिला ऊन दाखवलं की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. हे हाडांसाठी लागतं, आणि भाजीपाल्यात एरवी मिळत नाही. दुपारच्या कडक उन्हात, छत्रीखालची झालर वर करून, अळिंबी अर्धा ते एक तास ठेवा. काप केले तर आणखी चांगलं. काचेच्या खिडकीआड ठेवून उपयोग नाही, थेट ऊन हवं. शिजवलं तरी यातलं बरंचसं टिकतं. हे जीवनसत्त्व तेलात विरघळतं, म्हणून भाजीला चमचाभर तेल असू द्या. वाळवायची असेल तर कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

कच्ची खाऊ नका, पचायला जड जाते. पाण्यात भिजत घालू नका, भराभर धुवा आणि मोठ्या आचेवर परता. पाणी सुटून आटलं की मग कांदा, काळा मसाला आणि शेवटी मीठ. वाळलेली असेल तर कोमट पाण्यात भिजवून आमटीत टाका, मुलं मटण समजून खातात.

बेड लावणाऱ्या बायकांना एक सांगायचं राहिलं होतं. छत्रीच्या कडा वर वळायच्या आत काढणी करा. उशीर झाला की बारीक पांढरी भुकटी उडते, खोकला आणि दमा लागतो. खोलीत जाताना तोंडाला रुमाल बांधा.

आणि पावसाळा तोंडावर आहे. रानातली छत्री ओळखीची नसेल तर घरात आणू नका. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, किड्यांनी खाल्ली म्हणजे चांगली, या परीक्षा खोट्या आहेत. विषारी जातींतल्या काही शिजवूनही विषारीच राहतात. काहींचा त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, मधे बरं वाटतं आणि नंतर यकृत निकामी होतं. उलटी-जुलाब सुरू झाले तर वाट बघू नका, 108 ला फोन करा आणि उरलेला तुकडा सोबत न्या.

त्या सुनेनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. आमच्या नव्या पाकिटावर आता एवढंच आहे: वाळवलेली धिंगरी अळिंबी, वजन, तारीख, शिजवूनच खावी. खप थोडा कमी झालाय. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी भेटू, तोवर नमस्कार.