उणे तीनचा हिशेब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



'शाळेने मला काय दिलं' या विषयावर बोलायला संयोजकांनी सांगितलं आहे. मी फक्त समीकरणांबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, फळा मागवलेला नाही.

आठवीत आपल्याला गणिताला जे सर होते त्यांचं नाव घेत नाही. नुसतं "ताळा केलास का रे?" म्हटलं तरी तुम्हाला त्यांचा आवाज ऐकू येईल. समीकरणं सुरू झाली त्या दिवशी त्यांनी क्ष लिहिलाच नाही. एका माणसाकडे सहा घोडे आणि रोख तीनशे रुपये. दुसऱ्याकडे दहा घोडे, पण डोक्यावर शंभराचं कर्ज. सगळे घोडे एका किमतीचे, आणि दोघांची ऐपत सारखी. तर घोडा केवढ्याला?

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "आधी त्याचं कर्ज फेडा!" सर म्हणाले, "फेडू. पण एकालाच शंभर दिले तर दुसरा गप्प बसेल का?" मग दोघांनाही शंभर दिले. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, पहिल्याचे चारशे झाले. नंतर दोघांचेही सहा-सहा घोडे काढून घेतले. उरले इकडे चारशे रुपये, तिकडे चार घोडे. घोडा शंभराला! आणि लगेच ताळा: सहाशे आणि तीनशे, नऊशे, हजारातून शंभर गेले, नऊशे. त्यानंतर कुठे फळ्यावर आलं,

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

हे उदाहरण भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तलं, सुमारे ११५० सालचं. ऋण संख्या दाखवायला तेव्हा अंकाच्या डोक्यावर टिंब देत. त्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले होते. ऋण म्हणजे कर्ज, हे मराठी मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. वर्गात मात्र आपण ते विसरतो.

मीही विसरलो. तुम्हाला ठाऊक आहे, पुढे मी गणितच शिकवलं, दुसऱ्या गावी. पोर्शन संपवायची घाई, वर्गात साठ मुलं. मी सोपा मंत्र दिला: पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं. (हसताय ना? मुलंही हसायची, म्हणून तर लक्षात राहायचं.)

एकदा उदाहरण होतं −३क्ष + ७ = −८. एका मुलीने सात पलीकडे नेले, चिन्ह बदललं, −३क्ष = −१५ आलं. इथवर बरोबर. मग तिने उणे तीनही पलीकडे नेले, तेही चिन्ह बदलूनच. उत्तर आलं उणे पाच. मी लाल रेघ मारली. तिने विचारलं, "सर, साताचं चिन्ह बदललं, मग तीनचं का नाही?" मी म्हणालो, "नियम आहे. पाठ कर."

खरं तर तिने माझाच नियम पाळला होता. सात मिळवलेले होते, म्हणून दोन्हीकडून वजा केले. उणे तीन मिळवलेले नाहीत, गुणलेले आहेत. तेव्हा दोन्ही बाजूंना अख्ख्या उणे तीननेच भागायचं. पंधराच्या कर्जात तीन-तीनची कर्जं किती? पाच. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. ताळा करायला लावला असता तरी तिचं तिलाच कळलं असतं: उणे पाच घातले तर डावीकडे बावीस येतात, उणे आठ नाही.

नववीत तिने सामान्य गणित घेतलं. तेव्हा तो पर्याय होता. गणित लागणाऱ्या वाटा तिच्यापुरत्या तिथेच मिटल्या. तिला इतर अडचणीही असतील. पण तो प्रश्न विचारताना तिची वही माझ्यासमोर उघडी होती, आणि घोड्यांचं उदाहरण मला तोंडपाठ होतं.

निवृत्त झाल्यावर हे मी पहिल्यांदाच कुणापुढे बोलतोय. मुख्याध्यापकांना काल भेटलो. दर शनिवारी आठवीचा एक तास त्यांनी मला दिला आहे. तराजू मी घरून आणणार आहे. वजनं तुमच्यापैकी कुणाच्या दुकानात जुनी पडून असतील तर द्या.