कलावंत कोणाचा राजदूत?

(अहिल्यानगर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने चित्रकलेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मला मात्र या दोन विषयांत फारसे अंतर दिसत नाही. युद्धकाळात तेल, धान्य आणि दारूगोळा यांचे जसे व्यवहार होतात, तसेच चित्रांचे, गाण्यांचे आणि पुतळ्यांचेही होतात. एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रापुढे आपले कलावंत उभे करते आणि त्यांच्या मुखाने आपली बाजू मांडते. याला सांस्कृतिक राजनय असे भारदस्त नाव आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्यानंतर युक्रेनच्या चित्रकारांनी जगभर जे काम केले, त्याची चर्चा याच नावाखाली होते. या चर्चेत आपण समाजवाद्यांनी कोणता प्रश्न विचारला पाहिजे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

प्रारंभ आपल्याच गावापासून करतो. ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना येथील भुईकोट किल्ल्यात आणून कोंडले. नेहरू, मौलाना आझाद आणि सरदार पटेल यांच्यासमवेत आचार्य नरेंद्र देवही तेथे होते. १९४४ मध्ये नेहरूंनी याच भिंतींच्या आत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली आणि नरेंद्र देवांनी बौद्ध तत्त्वज्ञानातील ‘अभिधर्मकोशा’च्या अनुवादाचे काम केले. आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन त्या वेळी भूमिगत राहून चळवळ चालवीत होते. बाहेर महायुद्ध पेटलेले होते आणि आपली माणसे तुरुंगात अथवा रानोमाळ होती.

नेमक्या त्याच काळात मुंबईच्या कामगारवस्तीत वाटेगावचा एक तरुण डफावर थाप मारून दूरच्या एका शहराची कथा गात होता. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. ज्याने रशिया पाहिला नव्हता, ज्याला शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते, अशा माणसाने व्होल्गाकाठची लढाई गिरणगावाच्या ओळखीची करून टाकली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

आपल्या पक्षातील वडीलधाऱ्यांना या पोवाड्याविषयी कटुता होती, हे लपविण्याचे कारण नाही. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत भूमीवर हल्ला केला आणि कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी साम्राज्यवादी युद्धाचे लोकयुद्ध झाले. नरेंद्र देव किल्ल्यात असताना हा पक्ष सरकारच्या युद्धप्रयत्नांना साहाय्य करीत होता. मॉस्कोच्या परराष्ट्रधोरणाने गिरणगावाचे गाणे ठरवावे काय, हा आमच्या मंडळींचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. तथापि आज ऐंशीहून अधिक वर्षांनी मागे वळून पाहताना एक गोष्ट मान्य करावी लागते. पक्षाची ती भूमिका इतिहासजमा झाली, पोवाडा मात्र टिकला. याचे कारण असे की, अण्णा भाऊंची निष्ठा पक्षाच्या ठरावापेक्षा खोल ठिकाणी होती. ती घराघरासाठी लढणाऱ्या सामान्य माणसावर होती. त्या लढणाऱ्यांत रशियन होते, तसेच युक्रेनी, कझाक आणि जॉर्जियनही होते.

आता सप्टेंबर २०२२ कडे येऊ. त्या महिन्यात मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या राज्य ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. १९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला गेले होते आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले होते. तेव्हा चिरागनगरच्या झोपडीत आयुष्य काढलेल्या या लेखकाचा सन्मान तेथे व्हावा, याचा मराठी माणूस म्हणून मलाही आनंद झाला. परंतु तो आनंद निर्भेळ नव्हता. त्या वेळी आक्रमणाला सात महिने होत आले होते. सेंट पीटर्सबर्गची एक तरुण चित्रकर्ती, साशा स्कोचिलेंको, तुरुंगात होती. तिने एका दुकानातील किमतींच्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या जागी युद्धाची माहिती देणाऱ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. या ‘अपराधा’बद्दल पुढे, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तिला सात वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्ट २०२४ मधील कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. ज्यांच्या कलापथकाच्या तमाशांवर मुंबई सरकारने बंदी घातली होती, त्या शाहिराचा पुतळा आपण त्या देशाला दिला. त्या देशात तुरुंगात असलेल्या कलावंताविषयी मात्र आपल्या शिष्टमंडळाकडून एक शब्द ऐकू आला नाही. सांस्कृतिक राजनय पुष्कळदा असाच चालतो. मृत बंडखोराला संगमरवर मिळतो आणि जिवंत बंडखोराला कोठडी.

याउलट युक्रेनच्या चित्रकारांचे उदाहरण पाहा. व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात २०२२ साली युक्रेनच्या वतीने खार्किवचे पावलो माकोव्ह यांचे ‘थकव्याचे कारंजे’ मांडले गेले. एकाखाली एक अशा बारा ओळींत ७८ धातूची नरसाळी बसविलेली आहेत. वर एकच, त्याखाली दोन, मग तीन, असे करीत तळाशी बारा. वरच्या नरसाळ्यात पाणी पडते, दर ओळीला ते विभागत जाते आणि तळाशी पोचेपर्यंत थेंबच उरतात. १९९० च्या दशकाच्या मध्याला, पाणी तुटलेल्या खार्किव शहरात माकोव्ह यांना ही कल्पना सुचली. मुळेच्या कालव्याच्या टेलला ज्यांची जमीन आहे, त्यांना या कलाकृतीचा अर्थ कोणा समीक्षकाने समजावून देण्याची गरज नाही. वर वाहते आणि खाली पोचत नाही, ही आपल्या जिल्ह्याची जुनी कथा आहे.

आक्रमण सुरू झाले त्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, या प्रदर्शनाच्या संयोजकांपैकी मारिया लांको यांनी ती ७८ नरसाळी खोक्यांत भरली आणि आपल्या मोटारीतून कीव्ह सोडले. कलावंत स्वतः त्या वेळी खार्किवच्या बॉम्बवर्षावात होते. एप्रिलमध्ये कारंजे व्हेनिसला उभे राहिले. त्याच प्रदर्शनात रशियाच्या दालनाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. त्या दालनासाठी निवडलेले दोन रशियन कलावंत, किरिल साव्हचेंकोव्ह आणि अलेक्झांड्रा सुखारेव्हा, यांनी आक्रमणानंतर तीनच दिवसांत माघार घेतली, त्यांच्या लिथुआनियन संयोजकानेही राजीनामा दिला आणि दालन बंद राहिले. माझ्या मते त्या वर्षीचे हे दोन्ही प्रसंग एकाच तोलाचे आहेत. एका कलावंताने आपल्या लोकांच्या वतीने बोलण्यासाठी वाट काढली आणि दुसऱ्यांनी आपल्या राज्यकर्त्यांच्या वतीने बोलण्यास नकार दिला.

युक्रेनच्या कलेला या युद्धात एवढे महत्त्व का आले, हेही समजून घेतले पाहिजे. युक्रेन हे स्वतंत्र राष्ट्रच नव्हे, त्याला स्वतःची संस्कृती नाही, असा आक्रमकाचा दावा आहे. हा दावा आपल्या परिचयाचा आहे. भारत हे राष्ट्र नाही, तो केवळ एक भूप्रदेश आहे, असे इंग्रज राज्यकर्तेही म्हणत. त्याचे उत्तर नेहरूंनी या गावच्या किल्ल्यात बसून लिहिले. युक्रेनने चित्रांतून उत्तर दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये माद्रिदच्या संग्रहालयात १९०० ते १९३० च्या दशकांपर्यंतच्या युक्रेनी चित्रांचे प्रदर्शन भरले. ती चित्रे घेऊन जाणाऱ्या गाड्या १५ नोव्हेंबरला कीव्हमधून निघाल्या आणि काही तासांतच शहरावर क्षेपणास्त्रे कोसळली. त्याआधी, आक्रमणाच्या पहिल्याच दिवसांत, इवान्किव येथील छोटे स्थानिक संग्रहालय जळाले. तेथे मारिया प्रिमाचेंको या शेतकरी कुटुंबातील चित्रकर्तीची चित्रे होती. गावकऱ्यांनी आगीतून त्यांतील काही वाचविली. पंख पसरून शांतता मागणारे तिचे कबुतर नंतर जगभर पोचले.

आपण समाजवाद्यांनी एक नाव विशेष लक्षात ठेवावे, ते मिखाइलो बॉयचुक यांचे. सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर शेतकरी-कामगारांसाठी चित्रे काढणारी एक संपूर्ण परंपरा या माणसाने युक्रेनमध्ये उभी केली. स्टालिनच्या राजवटीने १९३७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नी सोफिया यांनाही गोळ्या घातल्या आणि त्यांची बहुतेक भित्तिचित्रे नष्ट केली. समाजवादाच्या नावाने चालणाऱ्या राज्याने श्रमिकांचा चित्रकार मारला, ही गोष्ट आपल्या अभ्यासवर्गात शिकविली गेली पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते टाळण्याजोगे नाहीत. पहिला असा की, युक्रेनचे सरकारही कलेचा उपयोग करून घेतेच. हे खरे आहे. सांस्कृतिक राजनयासाठी त्या देशाने २०१७ मध्ये स्वतंत्र संस्थाच काढली. काही शहरांतून पुश्किनचे पुतळे हटविले गेले. संतापाचे कारण कळते, तरी मृत कवीला शत्रू मानण्याचा मार्ग मला पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. युरोपची जी दारे कीव्हच्या कलावंतांसाठी उघडली, ती गाझासाठी उघडली काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांचा फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्यातील पुरस्कारसमारंभ पुढे ढकलण्यात आला. हा दुटप्पीपणा निंद्य आहे. परंतु पश्चिमेच्या दुटप्पीपणाचे उत्तर आपण आपला दुटप्पीपणा उभा करून द्यावयाचे नसते. गाझासाठी बोलणाऱ्याने खार्किवसाठी मौन पाळले, तर त्याचे गाझासाठी बोलणेही हलके होते.

मग आपले सरकार काय करीत होते? २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्यापूर्वी आपल्या आयात कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता, २०२३-२४ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. गरीब देशाने स्वस्त तेल घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. मात्र त्या स्वस्ताईचा हिशेब मागेन. केंद्राच्या मे २०२२ मधील आणि राज्याच्या जुलै २०२२ मधील करकपातीनंतर मार्च २०२४ पर्यंत पंपावरचे दर जवळजवळ हललेच नाहीत. दरम्यान खाजगी तेलशुद्धीकरण कंपन्यांनी त्याच तेलाचे डिझेल करून युरोपला विकले. येथेही कारंज्याचाच न्याय लागू झाला. पाणी वर पडले, खाली थेंब आले.

आपली परंपरा या मौनाची नाही. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीत शिरले, तेव्हा नेहरू सरकारच्या बोटचेपेपणावर जयप्रकाशांनी उघड टीका केली. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावर आक्रमण झाले. समाजवादी चळवळीत वाढलेले अशोक मेहता त्या वेळी केंद्रीय मंत्री होते. सरकार आक्रमणाचा स्पष्ट निषेध करीत नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याकडे पेट्रोलियम आणि रसायने हे खाते होते, हा योगायोग मला आज फार बोलका वाटतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या प्रश्नावर जयप्रकाश जगाच्या राजधान्या हिंडले, तेव्हा त्यांच्याजवळ सरकारी अधिकारपद नव्हते. तेही राजदूतच होते, पण पीडितांनी पाठविलेले.

तेव्हा युद्धकाळात कला समोर आली की, ती कोणाच्या वतीने बोलते, हे आपण विचारावे. जी कला जखम दाखविते ती लोकांची आणि जी जखमेवर शाल पांघरते ती राज्यकर्त्यांची. कलावंताला आपल्या सरकारला नकार देण्याची मुभा आहे काय, ही त्याची कसोटी होय.

शेवटी एक कामाची गोष्ट. दर वर्षी १ ऑगस्टला आपण अण्णा भाऊंची जयंती साजरी करतो, हार घालतो, भाषणे करतो. पुढील जयंतीला आपल्या शाखांनी गावच्या वाचनालयात माकोव्हचे कारंजे, प्रिमाचेंकोचे कबुतर आणि गाझाच्या चित्रकारांची चित्रे यांच्या छापील प्रती लावाव्यात आणि शेजारी स्टालिनग्राडचा पोवाडा गावा. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी महाराष्ट्रातील शेकडो मुले २०२२ मध्ये परत आली. आपल्या परिसरातील अशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्या शहरांविषयी बोलावयास सांगावे. याला सरकारची परवानगी लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. मॉस्कोला पुतळा पाठविणे आपल्या हाती नव्हते. परंतु अण्णा भाऊ आज असते, तर त्यांनी डफ कोणासाठी हाती घेतला असता, हे आपल्या गावातील मुलांना सांगणे आपल्या हाती आहे.