सडलेल्या आल्यातली बुरशी आणि चांदीचे कण



उमरखेडच्या शिवारात हळद काढताना सडका कंद हाती लागला, की शेतकरी 'कंदकुज आली' म्हणतो आणि तो बाजूला टाकतो. आल्याचंही तेच. पण अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात, म्हणजे आपल्याच विद्यापीठात, डॉ. महेंद्र राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट आल्यातली बुरशी वेगळी केली, प्रयोगशाळेत वाढवली आणि तिच्याकडून चांदीचे सूक्ष्म कण तयार करून घेतले. फ्युजेरियम अ‍ॅक्युमिनेटम हे त्या बुरशीचं नाव. संशोधन प्रसिद्ध झालं २००८ साली.

कृती ऐकायला सोपी आहे. बुरशी वाढवायची, धुऊन शुद्ध पाण्यात ठेवायची आणि मग गाळून घ्यायची. पाण्यात बुरशीची प्रथिनं उतरलेली असतात. त्यात सिल्व्हर नायट्रेटचं विरळ द्रावण मिसळलं, की पंधरा-वीस मिनिटांत रंग तपकिरी होऊ लागतो. हा रंगच पहिला पुरावा! प्रथिनांमधली विकरं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, आयनांचे अणू होतात, अणू एकत्र येऊन कण बनतात आणि इतर प्रथिनं त्या कणांभोवती आवरण धरतात, म्हणून ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. अमरावतीच्या या कणांचा सरासरी व्यास होता १३ नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर त्याच्या रुंदीत असे सहा हजारांवर कण शेजारी शेजारी बसतील.

या वाटेवर पहिली पावलं पुण्यात पडली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम बुरशीकडून चांदीचे कण मिळवले. मात्र ते बुरशीच्या धाग्यांतच अडकलेले होते, बाहेर काढणं जिकिरीचं. २००३ मध्ये त्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम वापरली आणि कण थेट द्रावणात मिळाले. हरभऱ्यावर मर रोग आणणारी बुरशी याच प्रजातीची! आपलं पीक वाळवणाऱ्या या कुळाकडे रसायनशास्त्राचं एवढं कसब असावं, ही विलक्षण गोष्ट आहे.

या कणांचा उपयोग काय? अमरावतीच्या चाचण्यांत त्यांनी स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय आणि विषमज्वराचा साल्मोनेला टायफी अशा जिवाणूंची वाढ रोखली. चांदी जिवाणूच्या आवरणाला इजा करते, प्रथिनांतल्या गंधकाला जखडते, श्वसन बिघडवते. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसतो. प्रतिजैविकं निष्प्रभ ठरू लागलेल्या काळात या गुणाचं मोल मोठं आहे.

तरीही सावध राहायला हवं. बशीतल्या जिवाणूवर विजय मिळाला म्हणजे रुग्णावर उपचार सापडला, असं होत नाही. बुरशीकडून दर वेळी एकाच आकाराचे कण मिळवणं अवघड आहे. शिवाय चांदीलाही जिवाणू सरावतात. बॉस्टनच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला आढळल्याची नोंद १९७५ सालची आहे. त्यामुळे 'नॅनो सिल्व्हर' असं छापलेली प्रत्येक बाटली गुणकारी मानू नका.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. यंदा हळद निघेल तेव्हा सडका कंद फेकण्याआधी सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. त्यांच्या देखरेखीखाली त्यातली बुरशी वेगळी करायला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला शिका. कोणत्या गावाचा कंद, कोणती जमीन, किती पाणी, सगळं वहीत लिहा. आणि प्राचार्यांना विनंती, की या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेचं दार सुटीच्या दिवशीही उघडं ठेवा.