कोगनोळी नाक्याच्या दोन बाजू

निपाणीहून कागलकडे निघालात की कोगनोळीचा नाका लागतो. अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. दोन्हीकडे दूधगंगेचंच पाणी आणि उसाचीच रानं. सरकारी मदत मात्र नाका ओलांडला की बदलते. केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना मिळतात. कर्नाटकानं २०१९ मध्ये त्यात स्वतःचे ४,००० घातले. २०२३ मध्ये सरकार बदललं आणि ते थांबले. नेमकं त्याच वर्षी पलीकडे ‘नमो शेतकरी’चे ६,००० सुरू झाले. असल्या पैशाच्या भरवशावर विहीर काढायला कोण धजेल? दोन-दोन हजारांनी येणारा हप्ता बियाणं, खत, पोरांची फी यांतच जिरतो. घराला त्याचा आधार होतो, हे खरंच. पण त्यातून रान सुधारत नाही.

रानात पैसा घालायला लावणारी मदत वेगळी. कर्नाटकात ठिबकला दोन हेक्टरपर्यंत ९० टक्के अनुदान आहे. पण इथंच गंमत होते. इकडे १० एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट; महाराष्ट्रानंही २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ केलं. मग रात्री थ्री फेज वीज आली की ऑटो स्टार्टरवर मोटर आपली चालू होते आणि पाणी पाटानं सकाळपर्यंत वाहतं. ठिबकच्या नळ्या बांधावर गुंडाळून ठेवलेल्या असतात. म्हणजे एक अनुदान पाणी वाचवायला, दुसरं ते सांडायला. महाराष्ट्रातल्या शिरोळकडं अतिपाण्यानं मीठ फुटून रानं चोपण झाली आहेत. ती बघितली की अशा सांडलेल्या पाण्याचा खरा खर्च कळतो.

आणि वाट्यानं, खंडानं कसणाऱ्याचं काय? उताऱ्यावर त्याचं नाव नाही, म्हणून हप्ता नाही. घाम त्याचा, हप्ता मालकाच्या खात्यावर.

अनुदानापेक्षा वेगळी मागणी याच भागात पूर्वी झाली आहे. मार्च १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं निपाणीचे तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले आणि एप्रिलमधल्या गोळीबारात माणसं गेली. त्यांनी सरकारकडं अनुदान मागितलं नव्हतं, भाव मागितला होता. माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. भाव पदरात पडला तर विहीर कुठं काढायची आणि ठिबक कधी करायची, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

तोवर, ज्यांना ठिबक करायचीच आहे त्यांनी ऊस लावायच्या आधी इकडे कर्नाटकात कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करावी. सरी सोडून झाल्यावर नळ्या अंथरणं जिकिरीचं होतं.