अंतरीचा आवाज आणि त्याची पारख
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



सीमाभागातील ह्या ग्रंथालयाने शंभर वर्षे मराठी ग्रंथांचा सांभाळ केला. त्याच्या उत्सवात बोलण्याचा मान मला दिलात, ह्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आजचा विषय मात्र ग्रंथांच्या थोडा पलीकडचा आहे. आत्म्याचा आवाज ऐकावा, असे आपण सारेच म्हणतो. परंतु जो आवाज आपल्याला ऐकू येतो तो आत्म्याचाच कशावरून? आपली इच्छा, भीती किंवा अहंकार हीसुद्धा आतूनच बोलत असतात, आणि बहुधा मोठ्याने बोलतात.

ह्या प्रश्नाकडे मी वाचनातून वळलो नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची शुश्रूषा धाकटा भाऊ करी आणि मी पहाटे उठून ज्ञानेश्वरीचे पारायण करी. एके दिवशी भाऊ बाहेर गेला असता वडिलांनी पाणी मागितले. अध्याय संपायला थोड्याच ओव्या उरल्या होत्या. वाचन मध्येच सोडू नये, असे मला आतून वाटले, आणि त्या वाटण्यालाच मी अंतरात्म्याची आज्ञा समजलो. अध्याय संपवून उठलो तेव्हा वडील स्वतः तांब्यापर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नात होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी माझ्या आत जे बोलले तो आत्मा नव्हता, एवढे मला पुढे उमगले. पण ते उमगायला फार दिवस लागले.

म्हणून मला संत बहिणाबाईंचे आत्मचरित्र महत्त्वाचे वाटते. सतराव्या शतकातील ही ब्राह्मण स्त्री. कोल्हापुरात असताना तिने तुकोबांचे अभंग ऐकले आणि स्वप्नात त्यांच्याकडून तिला उपदेश मिळाला. शूद्राला गुरू मानणे पतीला सहन होईना. त्याने तिला मारले, घर सोडून जाण्याची तयारी केली. पुढे तोच आजारी पडला, तेव्हा बहिणाबाईंनी त्याची सेवा केली. त्यांनी गुरूही सोडला नाही आणि रुग्णाकडे पाठही फिरवली नाही. पतीचा विरोध मावळल्यावर दोघे देहूला गेली. मारहाण सोसणे हा आदर्श आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, त्यांना ऐकू आलेल्या हाकेने त्यांची करुणा आटवली नाही. माझ्या 'हाके'ने माझी आटवली होती.

दुसरे उदाहरण आपल्या ह्या परिसराला जवळचे. गुरुदेव रा. द. रानडे ह्यांचा जन्म 1886 साली जमखंडीचा. निंबाळ ही त्यांची साधनाभूमी, आणि बेळगावात त्यांच्या नावाशी निगडित संस्था आजही आहे. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले आणि तेथील कुलगुरुपदही भूषविले. तरुणपणीच त्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम मिळाले होते. बुद्धीच्या क्षेत्रात वावरणाऱ्या ह्या माणसाने नामस्मरण आयुष्यभर नियमाने केले आणि 1957 साली निंबाळलाच देह ठेवला. महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1933 साली प्रसिद्ध झाला. साक्षात्कार आहे म्हणून तो तपासू नये, ही भूमिका त्यांनी घेतली नाही. त्या अनुभवाने बुद्धी, भावना आणि नीती ह्या तिन्हींच्या कसोटीला उतरले पाहिजे, असे त्यांनी मांडले. ज्याने ध्यानात आयुष्य घालवले तोच ध्यानाच्या अनुभवाला प्रश्न विचारण्यास सांगतो, हे मला फार मोलाचे वाटते.

योगायोग असा की, त्याच 1933 सालच्या मे महिन्यात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. ते आपण अंतर्नादाच्या आज्ञेने करीत आहोत, असे त्यांनी सांगितले. हा भ्रम कशावरून नाही, असे लोकांनी विचारले, तेव्हा आपल्या प्रतीतीखेरीज दुसरा पुरावा देता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र असा दावा कोणीही उठून करू नये, त्यामागे दीर्घकाळचे संयमाचे शिक्षण हवे, असाही त्यांचा आग्रह होता. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या आवाजाने त्यांच्याकडून जे मागितले, त्याचे मोल प्रथम त्यांच्याच देहाने मोजायचे होते.

ह्या तिघांकडे पाहून मी माझ्यापुरत्या काही खुणा ठरवल्या आहेत. जो आवाज माझी सोय पाहतो त्याच्याविषयी मी सावध राहतो. जो आवाज मला इतरांपेक्षा मोठा ठरवतो त्याला मी थांबवून ठेवतो. आणि जो मला एखाद्या दुःखी माणसाकडे जायला सांगतो, विशेषतः जायचा कंटाळा आलेला असताना, त्याचे मी शक्यतो ऐकतो. ह्या खुणा चुकणारच नाहीत, असे नाही. रोज थोडा वेळ निमूट बसणे, नामस्मरण किंवा चिंतन करणे आणि रात्री दिवसाचा हिशेब स्वतःपाशी प्रामाणिकपणे मांडणे, ह्यांखेरीज कान तयार होत नाही. गाणे शिकणाऱ्याला सूर ओळखायला वर्षे लागतात. येथेही तसेच आहे.

मग ग्रंथांचे काय? ग्रंथ सोडा, असे मी ग्रंथालयात उभे राहून कसे म्हणेन? ज्ञानेश्वरी मी आजही वाचतो. फरक एवढाच की, कोणी हाक मारली तर ओवी अर्धी ठेवून उठतो, आणि परत येऊन तीच ओवी वाचतो. ती पूर्वीपेक्षा अधिक कळते, असा माझा अनुभव आहे. आपल्या वाचनकक्षात 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती शांतता येथून थोडी घरी नेता आली, तर ह्या शंभर वर्षांचे सार्थक झाले, असे मी समजेन.