पाण्यात उतरलेला मुष्टियोद्धा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेतील भाषण)



तरुणांकरिता चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आर्णीच्या मुलांस चेंडूचे वेड. तेव्हा आरंभ चेंडूपासूनच करितो.

स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी १८८७ साली सेंट मेरीज धर्मग्रामाच्या सभागृहात सेल्टिक हा फुटबॉल क्लब स्थापन झाला. सामन्यांच्या पैशांतून दरिद्री मुलांच्या मुखी अन्न पडावे, हा ब्रदर वॉलफ्रिड यांचा हेतू होता. याच क्लबात पुढे काही काळ विल्यम अँगस खेळत असे. पहिले महायुद्ध आले. १२ जून १९१५ रोजी फ्रान्सात, शत्रूच्या खंदकापाशी जखमी होऊन पडलेल्या अधिकाऱ्यास त्याने गोळीबारातून वाचविले. स्वतःस सुमारे ४० जखमा झाल्या, डावा डोळा गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खेळ मात्र सुटला.

पण इतके दूर कशास जावे? सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात शिरले व मुष्टियुद्धात नावारूपास आले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांस गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. वय अवघे विशीतले. ज्याची सारी पुंजी म्हणजे कसलेले शरीर, त्याचे शरीरच लुटले गेले!

इस्पितळात उपचार म्हणून त्यांस पोहावयास सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाचा रोगी आपणांस ठाऊक आहे: ३८ वर्षांचा आजार, आणि पाण्यात सोडावयास माणूस नाही. पेटकरांस माणसे मिळाली. मात्र त्या रोग्याप्रमाणे ते उठून चालू लागले नाहीत. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण चमत्काराची वाट पाहताना समोरचा मनुष्य आपल्या दृष्टीआड होतो. पाय परत आले नाहीत. हात शाबूत होते. त्यांच्याच बळावर ते पोहले.

अशा खेळाडूंच्या स्पर्धांचा उगमही युद्धातच आहे. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, इंग्लंडातील स्टोक मँडविल इस्पितळात १६ जायबंदी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. तिचीच पुढे पॅरालिंपिक झाली. पेटकर १९६८ साली तेल अवीवला टेबल टेनिस खेळले. १९७२ साली, त्याच जर्मनीत, हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुमारे ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्ण.

पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये ४६ वर्षे गेली! २०२४ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हा कोठे पुष्कळांस त्यांचे नाव कळले. आम्हीही त्या पुष्कळांतलेच. हे कबूल करावयास संकोच वाटतो.

महोत्सवाच्या निधीतून काय बांधावे, याविषयी सूचना मागविल्या आहेत. घंटेचा मनोरा व्हावा असे काहींचे मत आहे. आमचे मत निराळे. चर्चच्या पायऱ्यांशेजारी चाकांची खुर्ची चढेल असा उतार आधी व्हावा. आणि ज्यांस आजवर मिस्सेकरिता उचलून आणावे लागले, त्यांस विचारूनच त्याची जागा ठरवावी.